पडद्यावरची लाल फुली

आमच्या कॉलेजात ऑफिसबाहेरच्या भिंतीवर एक मोठा काचेचा बोर्ड आहे. त्यात सगळ्या प्राध्यापकांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव, विषय आणि शिक्षण. मी तो रोज सकाळी पुसते. साफसफाई आणि चहा ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. मी चौथी शिकले. आमच्या गावात, मैंदर्गीत, पाचवीचा वर्गही होता, पण घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो. एका फोटोखालच्या दोन ओळी वाचून होईपर्यंत काच वाळलेली असते. असं करत करत वर्षभरात मी सगळा बोर्ड वाचून काढला.

बोर्डावर जे लिहिलेलं नाही ते चहा देताना कळत गेलं. पदार्थविज्ञानाचे सर कुर्डुवाडीचे. त्यांचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. सर वऱ्हांड्यातून जाताना मान वर न करता सांगतात, तिसरा पंखा आठ दिवसांत बंद पडणार. आणि तो पडतो. संख्याशास्त्राच्या सरांच्या घरात तेलुगू बोलतात, घराखालीच माग होते. लहानपणी त्या खडखडाटात अभ्यास केल्यामुळे अगदी शांत झालं की त्यांना काही सुचत नाही. मी दबकत झाडायला गेले तर म्हणतात, "मारा मावशी जोरात, आवाज होऊ द्या." मराठीच्या मॅडमच्या माहेरी देवळाची पूजा होती. त्यांनी लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, बी.ए.पासून सुरुवात केली आणि डॉक्टरेटपर्यंत गेल्या. मुलं पाळण्यात आणि पुस्तक मांडीवर, असं त्या हसत सांगतात.

आधी मला वाटायचं, एवढं शिकलेली माणसं वेगळ्याच घरांत जन्मत असतील. आता बोर्ड पुसताना मी फोटोकडे बघते आणि त्यामागचा माग, वर्कशॉप, देऊळ आठवते. आमच्यासारख्याच घरातून निघून ही माणसं कुठल्या कुठे जाऊन पोचली, याचं मला रोज नव्यानं आश्चर्य वाटतं. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. वहीत लिहिते आहे तेवढंच.

बोर्डाच्या तळाशी काही नावांना फोटो नव्हते. नुसत्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्यात वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं बारीक, पायात कायम बूट. त्यांच्या नावापुढे एम.एस्सी., सेट आणि शेवटी सीएचबी असं लिहिलं होतं. वरच्या रांगेत प्राचार्यांच्या नावापुढेसुद्धा सीएचबी नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटायला लागला. त्यांचा चहा मी आधी गाळायची.

एकदा त्या लॅबमध्ये एकट्याच होत्या, वाळलेली रोपं कागदावर चिकटवत होत्या. मी धीर करून म्हटलं, "मॅडम, एक विचारू का? हसू नका."

"विचारा की मावशी."

"तुमच्या नावापुढं सीएचबी हाय. मोठ्या सरांच्याबी न्हाई. लई अवघड असती का हो ती परीक्षा?"

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "लई अवघड मावशी. अकरा वर्षं देतीय, अजून पास न्हाई."

मग त्यांनी समजावलं. सीएचबी म्हणजे तासावर शिकवणारे. जेवढे तास घ्यायचे तेवढ्याचाच पगार. सुट्टीत काही नाही. वर्ष संपलं की काम संपलं, कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. कायम झालेल्या माणसाला रजा असते, आजारपण असतं, यांना आजारी पडायचीही सोय नाही. मला इतकी लाज वाटली की मी कप तिथेच विसरून आले. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

त्यांचं गाव सांगोल्याच्या बाजूला, पाऊस कमी आणि माळ जास्त असलेल्या भागात. घरी मेंढरं. चौथीपर्यंत गावात शिकल्या, मग गुरुजींनी वडिलांच्या मागे लागून त्यांना सोलापूरच्या वसतिगृहात घातलं. तेव्हापासून इथेच. दिवाळी आणि मे महिना तेवढं घर. शिकून काय करायचं ठरलं तेव्हा त्यांनी आपल्या माळाचाच विषय घेतला. माळावर काय काय उगवतं आणि त्यातलं मेंढरं काय खातात, काय सोडतात. यावर डॉक्टरेट मिळते हे ऐकून मी थक्क झाले. लहानपणी आम्ही शेळ्या राखल्या, त्यांच्या तोंडाकडे बघत दिवस काढले. पण ते लिहून ठेवावं असं काही असतं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची एक कायम जागा निघाली. फार वर्षांनी निघाली होती. बाहेरून अर्ज आले, त्यातले बरेच जण डॉक्टरेट झालेले. मॅडमचा प्रबंध लिहून जमा झाला होता, फक्त शेवटची तोंडी परीक्षा राहिली होती. तिला सगळे व्हायवा म्हणतात. मुलाखतीच्या आधी ती पार पडली तर त्यांची बाजू भक्कम होणार होती. नाही तर पुढची जागा कधी निघेल, आणि तोवर त्यांचं वय किती झालेलं असेल, कुणालाच सांगता येत नव्हतं. व्हायवाची तारीख मुलाखतीच्या बारा दिवस आधीची मिळाली.

आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मावशी, उद्या माझी आई येतीय. तिला लॅबमध्ये बसवा, चहा द्या. हॉलमध्ये तेवढं आणू नका."

"का हो मॅडम?"

"ती बोलते."

आई सकाळच्या एसटीनं आल्या. उंच, काटक बाई, नऊवारी लुगडं, हातात भाकरीचं गाठोडं. मी त्यांना आक्का म्हटलं. स्टुलावर बसून त्यांनी लॅब न्याहाळली.

"आमची हितं बसती व्हय?"

"व्हय आक्का."

"आन काय करती?"

"शिकवत्यात."

"घरला आली की आमालाबी शिकवती," त्या म्हणाल्या. "पानी उकळून प्या, म्हनं. आमी जितं ऱ्हायलो ती काय उकळून?"

मग त्यांचं लक्ष कागदावर चिकटवलेल्या रोपांकडे गेलं. उठून अगदी जवळ जाऊन त्यांनी पाहिलं. "आगं बाई, ह्ये तर आमच्या बांधावरचं तण! आन येवढं मानानं बसवलंय, लग्नाच्या फोटूवानी."

शेजारच्या हॉलमधून माईकवरून मॅडमचा आवाज यायला लागला. बोलणं इंग्रजीत होतं. आई बोलायच्या थांबल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या, जणू भिंतीतून दिसणार होतं. मग म्हणाल्या, "ही माजीच का?"

"तुमचीच."

"मला आत न्यायला नगं म्हनली का ती?"

मला खोटं बोलता येत नाही. मी कप उचलायला लागले.

"म्हनली आसंल. मी बोलती म्हनून." त्यांनी पदर ओढून घेतला. "न्हाई बोलनार. देवाशपत. मागं हुबी ऱ्हाती. येवढं चौदा-पंधरा वरीस दुसऱ्याच्या गावात ठिवून शिकवली, एकदा बगू तर द्या कशी दिसती ती."

मी त्यांना मागच्या दारानं आत नेलं आणि शेवटच्या खुर्चीवर बसवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पुढे अध्यक्ष म्हणून विद्यापीठाकडून आलेल्या एक मॅडम, त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून बाहेरगावाहून आलेले एक वयस्कर सर. आमचे बहुतेक प्राध्यापक हजर होते. मॅडम पडद्याजवळ उभ्या राहून बोलत होत्या आणि एकदाही कागदाकडे बघत नव्हत्या. मला एक शब्द कळत नव्हता, पण अंगावर काटा आला. आईंचा हात तोंडावर होता.

पडद्यावर एकामागून एक रोपांची चित्रं येत होती. प्रत्येकाशेजारी एक छोटी मेंढी. काही मेंढ्यांवर हिरवी खूण, काहींवर लाल फुली. आईंनी माझ्याकडे वाकून विचारलं, "ती तांबडी फुली कशाची?"

"मेंढरं खात न्हाईत म्हणून आसंल."

त्या सरळ बसल्या. पडद्यावर बारीक पानांचं, जमिनीला चिकटून वाढणारं एक रोपटं होतं. त्या भागात त्याला नुसता कडू पाला म्हणतात, हे मला नंतर कळलं. "कोन म्हंतंय खात न्हाईत?" त्या पुटपुटल्या.

"आक्का, शपथ घेतलीय तुमी."

"व्हय व्हय."

मॅडमचं बोलणं संपलं. परीक्षक सरांनी खूप प्रश्न विचारले, मॅडमनी सगळ्यांची उत्तरं दिली. सर मान डोलवत होते. मग अध्यक्ष मॅडम उभ्या राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, "ही खुली परीक्षा आहे. सभागृहातल्या कुणालाही काही विचारायचं असेल तर विचारू शकता." हे नेहमी विचारतात म्हणे, आणि नेहमी कुणी काही विचारत नाही.

आई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांचं लुगडं धरलं, पण उशीर झाला होता.

"मी बोलनार न्हवती," त्या म्हणाल्या, "पन ह्या बाईच इचारा म्हंत्यात. आगं, त्या कडू पाल्यावर फुली का मारलीस?"

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडमचा चेहरा मी बघू शकले नाही. त्यांचा आवाज मात्र ऐकला. तोपर्यंत इंग्रजीत बोलत होत्या, आता घरच्या बोलीत आल्या.

"आई, मेंढरं खात न्हाईत त्यो."

"कोन म्हनलं?"

"मी सवता बगितलंय. तीन वर्सं त्यांच्या मागं हिंडलीया. म्हाताऱ्या मानसांनाबी इचारलंय."

"कवा इचारलंस?"

"सुट्टीत. दिवाळीत आन मे म्हयन्यात."

"मंग बराबर हाय. तवा त्यो इखावानी कडू आसतुया. भादव्यात येऊन बग. पावसानं त्येचं कडूपन धुऊन जातंय, मेंढरं मुळापातूर खात्यात. तू दिवाळीत इचारलंस, त्येनी दिवाळीचं सांगितलं." मग आवाज जरा खाली आला. "आन मला कवा इचारलंस? तुला तरी कसं ठाव आसंल म्हना. पाचवीपास्नं भादव्यात तू घरी हायेस कुटं?"

आता कुणी हसत नव्हतं. परीक्षक सरांनी समोरचा जाड प्रबंध उघडला आणि पानं उलटायला लागले. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, या तक्त्यात आषाढ ते भाद्रपदातल्या चराईच्या नोंदी मला दिसत नाहीत. कुठे आहेत?"

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं. नको म्हटलेलं असताना मी आईंना आत आणलं होतं आणि फुलीचा अर्थही मीच सांगितला होता. अकरा वर्षं वाट बघून एक जागा निघाली होती. मला वाटलं, आता मॅडम काहीतरी बोलतील. एवढ्या शिकलेल्या आहेत, इंग्रजीत चार वाक्यं म्हटली तर आईंना काही कळणार नाही आणि सरांचंही समाधान होईल. शिकलेल्या माणसाकडे उत्तर असतंच, अशी माझी पक्की समजूत होती.

मॅडमनी पडद्यावर पुन्हा कडू पाल्याचं चित्र आणलं. मग म्हणाल्या, "नाहीत सर. पावसाळ्यात रविवारी जाऊन मी रोपं गोळा केली. पण मेंढ्यांमागे दिवसच्या दिवस राहून बघितलं ते सुट्टीतच. बाकी महिने इथे तास असायचे." मग फुलीकडे बोट करून म्हणाल्या, "पावसाळ्यातलं मला माहीत नाही. आणि माहीत नाही हे मी लिहायला हवं होतं, तिथे मी फुली मारली. हे माझं चुकलं आहे."

मी शाळेत असताना माहीत नाही म्हणणाऱ्याला गुरुजी दाराबाहेर उभं करायचे. इथे एक बाई आपल्या आयुष्याच्या परीक्षेत, सगळ्यांसमोर, स्वतःहून ते म्हणत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पदार्थविज्ञानाचे सर बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "वा." मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, ते दुःखानं म्हणाले.

परीक्षक आणि अध्यक्ष प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघंही त्याच पानावर वाकलेले होते. परीक्षक सर म्हणाले, "त्या आजीबाईंना जरा बोलवा."

आई आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. सरांनी उठून त्यांना खुर्ची दिली.

"माझा जन्म समुद्राकाठचा, आजी. माझे वडील होडीवर जायचे. मला मासे कळतात, मेंढी कळत नाही. मला सांगा, पाऊस पडल्यावर किती दिवसांनी ती पाला खायला लागते?"

"दोन चांगलं पाऊस झालं पायजेत. येका पावसानं न्हाई जात कडूपन."

"आणि सगळ्याच खातात?"

"गाभनी न्हाई खात. तिला कुनी सांगावं लागत न्हाई."

सर लिहून घेत होते. एवढा मोठा माणूस, ज्याची सही झाली तर कुणी डॉक्टर होणार, तो मान खाली घालून एका मेंढपाळ बाईचं बोलणं लिहून घेत होता. मी ट्रे धरून तिथेच उभी राहिले. जा असं मला कुणी म्हटलं नाही. शेवटी आईंनीच विचारलं, "सायेब, मी बोलले म्हनून तिला नापास करनार का? ती मला आत येऊ नगं म्हनली व्हती. मीच आले."

सरांनी पेन खाली ठेवलं. "चला, हॉलमध्ये सांगतो," एवढंच म्हणाले.

हॉलमध्ये त्यांनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. पदवी द्यावी अशी त्यांची शिफारस होती. मात्र ती एक फुली काढून टाकायची आणि त्या जागी पावसाळ्यात पाहिलेलं नाही असं स्पष्ट लिहायचं. ती दुरुस्ती त्याच दिवशी करून द्यायची. आणि पुढे एक अख्खा पावसाळा मेंढ्यांमागे काढल्याशिवाय त्या पाल्याबद्दल कुठेही छापायचं नाही. ते म्हणाले, "उत्तर रचून सांगणारे मी पुष्कळ पाहिले. या विषयात पुढे कोण टिकणार, ते मला आज दिसलं." मग टाळ्या वाजल्या. आईंना टाळ्या कशासाठी ते कळलं नाही. मी त्यांच्या कानात सांगितलं, "पास झाल्या." त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

सगळे पेढे खायला गेले तेव्हा मी लॅबमध्ये कप धूत होते. मॅडम आत आल्या. मी मान वर केली नाही.

"मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"चुकलं मॅडम."

"बरं झालं असं आत्ता मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "नंतर कधीतरी म्हणेन." आणि कॉम्प्युटर लावून ती दुरुस्ती टाइप करायला बसल्या. आई शेजारी स्टुलावर बसून गाठोडं सोडत होत्या. "आदी खा. भाकर वाळली." टाइप करता करता मॅडमनी तोंड उघडलं आणि आईंनी घास भरवला.

बारा दिवसांनी मुलाखत झाली. मॅडमची निवड झाली. त्यांच्यासारखेच तासावर शिकवणारे त्याच विषयाचे एक सर होते, त्यांच्याहून दोन वर्षं जुने. त्यांची झाली नाही. त्यांनी मॅडमना नव्या खुर्चीवर बसवलं, चेष्टा केली, "आता आम्हाला ओळखणार का?" आणि संध्याकाळी ते सायकल स्टँडजवळ एकटेच बराच वेळ उभे होते. त्यांच्या नावाची कागदी पट्टी अजून बोर्डाच्या तळाशी आहे. ती पुसताना मी जपून पुसते, कोपरा निघायला आला आहे.

या वर्षी भाद्रपद लागला तेव्हा मॅडमनी आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज लिहिला. ऑफिसात तो मीच घेऊन गेले. क्लार्कनं वाचला, पुन्हा वाचला आणि मॅडमना बोलावून घेतलं.

"मॅडम, कारण काय लिहिलंय हे? 'मेंढ्यांमागे जाणे'?"

"हो."

"असं चालत नाही. घरगुती काम लिहा."

"घरगुती नाही, हे माझं काम आहे."

"मग आजारी लिहा. सगळे लिहितात."

"मी ठणठणीत आहे."

बाजूचे दोन क्लार्क हसायला लागले. एक म्हणाला, "लिहू दे रे, येताना लोकर आणतील आपल्याला." प्राचार्य नेमके तेव्हाच बाहेर आले. त्यांनी अर्ज वाचला, मॅडमकडे पाहिलं आणि सही केली. आठ दिवसांची रजा मिळाली.

पाचव्या दिवशी दुपारी माझ्या मुलीच्या फोनवर मॅडमचा फोटो आला. मुलगी म्हणाली, "आये, तुझ्या मॅडमनी मेंढरू पाठवलंय." मी हात पुसून फोन घेतला. ओला माळ होता, मागे आईंचं लुगडं आणि काठी दिसत होती, पुढे एका मेंढीचं तोंड अगदी जवळून. तिच्या तोंडातून बारीक पानांची एक फांदी बाहेर लोंबत होती. खाली मॅडमनी मराठीत, माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत, लिहिलं होतं: "तिसऱ्या पावसानंतर. गाभण नाही. मावशी, बरं झालं."